तिसऱ्या कपाटातली फाईल

४ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा,

नमस्कार आधी, तक्रार नंतर. तक्रार अशी, की फोनवर तुम्हाला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता. मागच्या वेळी मी ‘दुकान बरं चाललंय’ म्हटलं, आणि तुम्ही सगळ्या नातेवाइकांना सांगितलंत की मी दुकान विकलं. म्हणून आता पत्र.

दुकान खरंच बरं चाललंय. आजोबांच्या वेळी नुसते बॅरोमीटर आणि तापमापी यायचे, आता आजूबाजूच्या दवाखान्यांतली रक्तदाब मोजायची पाऱ्याची यंत्रंही दुरुस्तीला येतात. थंडी पडल्यापासून खिडक्या बंद आणि शेगडी चालू. वाऱ्याने ज्योत हलली की काचेची नळी सारखी तापत नाही आणि पाऱ्यात बुडबुडा राहतो, हे तुम्हाला आठवत असेलच. याच कंटाळ्याने तुम्ही अठराव्या वर्षी दुकानातून पळ काढलात. काल एक भरलेली नळी निसटली. पिसाने जेवढा पारा गोळा झाला तेवढा केला, उरलेला जमिनीच्या फळ्यांच्या फटींतून आजोबांनी सांडलेल्या पाऱ्याला भेटायला गेला.

आता खरं कारण. लग्नाला चार वर्षं झाली. मूल हवं की नको ते एकदाचं ठरवून टाकू, असं आमच्या बेकरीवाल्यांचं, म्हणजे ह्यांचं, म्हणणं. मी तेहतीस पूर्ण करीन, वय काही थांबत नाही. मी प्रत्येक वेळी ‘बघू’ म्हणते. का म्हणते ते तुम्हाला सांगायला नको. आजोबांचे हात पन्नाशीत कापायला लागले. आईचे चाळिशीच्या आत. शेवटी शेवटी तिला चमच्याने सूप पिता येत नव्हतं, आणि इतकी हसरी बाई एवढी चिडकी आणि बुजरी झाली की गिऱ्हाईक आलं की मागच्या खोलीत जाऊन बसायची. हे माझ्या लेकराच्या वाट्याला यावं असं मला वाटत नाही.

तुम्ही छत्तीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्डखोलीत रोगांच्या फायली लावल्यात. आईची फाईलही तुम्हीच लावलीत. ती कोणत्या कपाटात आहे? गोड बोलू नका, खरं सांगा.

तुमची,
खारू


१५ नोव्हेंबर

चि. खारूताई,

अनेक आशीर्वाद, आणि दुकान न विकल्याबद्दल एक जास्तीचा.

मी नोकरीला लागलो तेव्हा फायली अक्षरांप्रमाणे लावलेल्या होत्या. म्हणजे गोवर झालेलं पोर आणि शिडीवरून पडलेला रंगारी शेजारी शेजारी, का तर दोघांची नावं एकाच अक्षराची! डॉक्टर फाईल मागायला आले की मी घाम पुसत बसायचो. मग मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून मी हे शास्त्र शिकून घेतलं आणि पाच कपाटं केली. माणूस आजारी पडतो तो पाचांपैकी कुठल्या तरी वाटेने. पहिलं कपाट लागणीचं. बाहेरून जंतू आत शिरतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो; गोवर, क्षय, हगवण. सगळ्यात मोठं कपाट, पण मला सगळ्यात आशेचं वाटायचं, कारण शत्रू ओळखीचा. दुसरं उणिवेचं. अंगाला जे लागतं ते ताटात नसतं, मग हिरड्यांतून रक्त येतं नाहीतर हाडं वाकतात. तिसरं वारशाचं. त्याचं पुढे सांगतो. चौथं झिजेचं आणि बिघाडाचं: हृदय, साखर, सांधे, गाठी. यात माझी स्वतःची फाईल आहे, आणि चांगली गलेलठ्ठ आहे. पाचवं घावाचं. भाजलेले, पडलेले, साप चावलेले, चुकून काहीतरी भलतंच प्यायलेले. त्यात बहुतेक पुरुष, आणि त्यातले निम्मे ‘मी करतो, तू बाजूला हो’ म्हणणारे.

तिसऱ्या कपाटाचा नियम मी स्वतः केला. एकाच घरातल्या दोघांना तोच रोग, आणि जंतू सापडलेला नाही, तर फाईलला लाल दोरी. या नियमाने डॉक्टरांचा इतका वेळ वाचला की मला सर्वांसमोर शाबासकी मिळाली. पुढे चार इस्पितळांनी तो उचलला.

तू खरं सांगा म्हणालीस. ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, फाईलला लाल दोरी आहे. बाबांची फाईल तिच्या शेजारीच आहे.

पण खारू, वारसा म्हणजे शिक्षा नव्हे. तो एकाला मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. माझ्यातही तेच रक्त आहे आणि अडुसष्टाव्या वर्षी मी चष्मा लावून का होईना, सुईत दोरा ओवतो. तेव्हा नीट विचार करून ठरव. मी सांगितलं म्हणून नको, आणि मी सांगितलं म्हणून घाबरूनही नको.

मी मजेत आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, यांना सारखी उचकी लागते ते कुठल्या कपाटात? मी म्हटलं, जेवणाच्या टेबलावर.

तुझा,
मामा


२ डिसेंबर

तीर्थरूप मामा,

पत्र टाइप केलंय म्हणून रागावू नका. कपाटावर जुनं यंत्र धूळ खात पडलं होतं, म्हटलं तेलपाणी करून पाहावं.

तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत ते फार बरं झालं. आमचं ठरलं. मूल नको. मला तशी काही फार हौस नव्हतीच. दुकान आहे, बेकरी आहे, दिवस कसा जातो कळत नाही. ह्यांनी ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाले आणि पीठ मळायला गेले. म्हणजे तुम्ही काळजी करू नका, इकडे सगळं छान आहे.

बाकी नवीन काही नाही. आमचे पॉलिशवाले, म्हणजे दोन वर्षांपूर्वी पितळेच्या चौकटी घासायला ठेवलेले, अलीकडे फारच तिरसट झालेत. इतका शांत माणूस, पण परवा एका गिऱ्हाइकावर असे खेकसले की तो बॅरोमीटर न घेताच निघून गेला. आणि स्वतःच मागच्या खोलीत जाऊन बसले. वयाचा परिणाम म्हणावा तर चाळीसही नाहीत.

तुमची,
खारू


१४ डिसेंबर

चि. खारूताई,

आशीर्वाद. तुझं पत्र हातात पडलं आणि मला वाटलं विजेचं बिल आलं. एक खाडाखोड नाही, शाईचा डाग नाही! तुझ्या पत्रातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे समासात तिरकं लिहिलेलं ‘ता. क.’. यंत्राला ते जमत नाही. शिष्ट झालीस की रागावलीस?

निर्णय तुमचा दोघांचा, आणि शांतपणे घेतलात हे पाहून मला बरं वाटलं. नाही तर लोक किती गोंधळ घालतात. ‘हौस नव्हतीच’ हे वाचून तर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. पॉलिशवाल्यांना म्हणावं, घरी झोप होत नसेल.

पुढचं पत्र हाताने लिही.

तुझा,
मामा


६ जानेवारी

आदरणीय मामा,

मी हे पत्र लिहिल्याचं तुमच्या भाचीला कळलं तर माझं काही खरं नाही, तेव्हा पत्र वाचून झाल्यावर तुमच्याकडेच ठेवा.

ती शिष्ट झालेली नाही आणि रागावलेलीही नाही. तिचे हात कापतात. थंडी पडल्यापासून. आधी नुसती बोटं होती, आता बटण लावायला मी लागतो. सही करताना ती दुसऱ्या हाताने मनगट धरते. म्हणून टाइप. मला म्हणाली, ‘मामांना कळवलंत तर त्यांना वाटेल त्यांची लाल दोरी माझ्याही गळ्यात पडली, आणि ते रडत बसतील.’

मला शास्त्रातलं काही कळत नाही. मला वाटलं, काहीतरी कमी पडतंय हिला. म्हणून दूध, अंडी, दाणे, फळं, जे म्हणाल ते चारतोय. ती गोल झाली, पण हात तसेच. गंमत म्हणजे उन्हाळ्यात आम्ही तीन आठवडे माझ्या बहिणीकडे समुद्रावर गेलो होतो, तेव्हा बोटांची बारीक थरथर होती तीसुद्धा थांबली होती. बहीण म्हणते तिच्या हातच्या जेवणाचा गुण. परत आलो, थंडी पडली, आणि हे सुरू झालं.

आता तर दुकानात वेगळाच तमाशा. पॉलिशवाल्यांचेही हात कापायला लागलेत. त्यांची बायको परवा येऊन तुमच्या भाचीला म्हणाली, ‘ताई, तुमच्यापासून ह्यांना लागलं.’ तिने ऐकून घेतलं आणि संध्याकाळी माझ्यासमोर अर्धा तास रडली. म्हणाली, मी आईसारखीच होणार. आणि मामा, ‘हौस नव्हतीच’ असं तिने तुम्हाला लिहिलंय ना? माझ्या बहिणीचं तान्हं बाळ तिने तीन आठवडे खाली ठेवलं नाही.

तुम्ही काहीतरी धीराचं लिहा. तुमच्या पत्राने ती हसते.

तुमचा,
बेकरीवाला जावई


११ जानेवारी

चि. खारू,

आशीर्वाद नंतर. तुझ्या नवऱ्यावर ओरडू नकोस, त्याने लिहिलं म्हणून बरं झालं.

सकाळी मी फोन केला तेव्हा तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी मात्र तीनदा ओरडलो: दुकान बंद करा, खिडक्या उघडा, आत कुणी जाऊ नका. त्याला वाटलं असेल म्हातारा चळला. चळलो नाही. कसं ते ऐक.

पत्र वाचून मी टेबलाशी बसलो आणि सवयीप्रमाणे तुमचे पॉलिशवाले कुठल्या कपाटात जातील ते बघू लागलो. लागण? मग त्यांच्या बायकोला आधी लागायला हवी होती आणि आमच्या जावयाला त्याहून आधी. दोघे ठणठणीत आहेत. उणीव? तुला तर बेकरीसकट सगळं चारून झालंय. झीज? तू तेहतीसची, ते चाळिशीच्या आतले. राहिलं तिसरं कपाट. आणि तिथे मी अडलो, खारू. कारण तो माणूस आपल्या घराण्यातला नाही. ना आत्तेभाऊ, ना मावसभाऊ, ना लांबचा. पितळ घासायला आलेला परका माणूस, आणि दोन वर्षांत त्याला आपल्या घराण्याचा रोग झाला. वारसा असा शेजारच्या स्टुलावर उडी मारत नाही.

मग पाचवं कपाट. बाहेरून येणारं. त्या खोलीत बाहेरून काय येतं, असं स्वतःला विचारलं. पारा. फटींत बसलेला, शेगडीच्या उबेने न दिसता वर येणारा, बंद खिडक्यांच्या आत दिवसभर श्वासात जाणारा. समुद्रावर तीन आठवडे तो नव्हता, आणि तुझी बोटं थांबली. मी अठराव्या वर्षी पळालो, आणि माझे हात स्थिरच राहिले. आजोबांपेक्षा आईला लवकर झालं, आईपेक्षा तुला लवकर, हे आपण रक्ताचा दोष मानत आलो. फटींत प्रत्येक पिढीने भर घातली, एवढाच त्याचा अर्थ. पाऱ्याला आपण कधी विष म्हटलंच नाही. तो आपल्या घरातला कमावता होता ना!

मी डॉक्टर नाही. मी कपाटंवाला आहे आणि एकदा चुकलेला आहे. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. उद्याच दवाखान्यात जा, पॉलिशवाल्यांना घेऊन जा, आणि आत शिरताच दिवसभर काय काम करता ते सांग. लघवीत पारा सापडतो का ते त्यांना बघू दे. तुम्ही नवराबायको दुकानावरची खोली सोडा आणि बेकरीच्या माळ्यावर राहा.

मी उद्या इस्पितळात जातो. मला ताईची फाईल बघायची आहे.

मामा


९ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

हे हाताने लिहिलंय. वेडंवाकडं आहे, चार ओळींना पाव तास लागतोय, पण तुम्हाला विजेचं बिल नको होतं ना.

पारा सापडला. माझ्यात भरपूर, पॉलिशवाल्यांत थोडा कमी, आणि ह्यांच्यातही चिमूटभर, कारण ते दुकानाच्या वरच्या खोलीत झोपायचे. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. मी पाऱ्याचं काम करते म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पहिलं विचारलं, ‘हिरड्यांतून रक्त येतं? तोंडाला पाणी सुटतं? माणसांसमोर जायची भीती वाटते?’ तिन्हीला हो. मला वाटत होतं माझा स्वभावच आईवर गेलाय. तो स्वभाव नव्हता हो, मामा! आईचाही नव्हता. मी दवाखान्याच्या बाकावर बसून हसत सुटले. पॉलिशवाले घाबरले.

औषध सुरू केलंय, पण मुख्य औषध म्हणजे तिथे पुन्हा न जाणं. माणसं येऊन फळ्या उखडून घेऊन गेली. तोंडाला जाड मुखवटे लावून. खालच्या मातीतून दोन बाटल्या पारा निघाला. पॉलिशवाले आता बेकरीत तवे आणि साचे घासतात. एवढे लख्ख की पाव चिकटतच नाहीत. त्यांच्या बायकोने येऊन माझा हात धरला. तेवढ्याने ठीक झालं.

मुलाचं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातला पारा उतरेपर्यंत थांबा, दर तीन महिन्यांनी तपासू, एवढंच. वारशाचं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘तुमच्याकडे वारशाने दुकान आलं. रोग दुकानात होता.’

तुम्ही फाईल पाहिलीत का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

तुमची,
खारू


२० फेब्रुवारी

चि. खारूताई,

आशीर्वाद. तुझं वेडंवाकडं पत्र मी शिंपीणबाईंना दाखवलं, जिन्यावरच्या पोस्टमनला दाखवलं, आणि दोघांनाही ते वाचता आलं नाही. मला आलं.

फाईल पाहिली. लिहायला धीर होत नव्हता. आमच्या फॉर्मवर पहिल्या पानावर एक रकाना असतो: व्यवसाय. बाबांच्या फॉर्मवर ‘दुकानदार’. ताईच्या फॉर्मवर ‘घरकाम’. दोन्हीकडे अक्षर माझं. बायकांचा तो रकाना आम्ही न विचारताच भरायचो, रांग मोठी असायची. ताई दिवसाचे दहा तास त्या नळ्या तापवत होती हे मला ठाऊक होतं. रोज रात्री मी तिच्याकडे जेवायला जात होतो. आणि तिच्या फॉर्मवर मी घरकाम लिहिलं. मग फाईल उघडणाऱ्या डॉक्टरला काय दिसणार? एक दुकानदार, एक घरात बसणारी बाई, बाप आणि लेक, एकच रोग. वर माझी लाल दोरी.

आणखी एक सांगतो. तू सहा वर्षांची असताना ताईला दुसरं मूल हवं होतं. तिने मला विचारलं होतं, जसं तू विचारलंस. मी तिलाही ‘खरं’ सांगितलं होतं, आणि तू एकुलतीच राहिलीस.

आता रोज सकाळी रेकॉर्डखोलीत जातो. नव्या बाई तिथे आहेत, त्यांनी मला खुर्ची दिली आहे आणि चहाही देतात. लाल दोरीच्या सगळ्या फायली आम्ही एकेक करून सोडतोय. पुष्कळशा खरंच रक्तातल्या आहेत. त्या तशाच राहतील. पण तीन भावांच्या फायली निघाल्या, तिघेही एकाच बॅटरीच्या कारखान्यात शिशाशी काम करणारे. दगड फोडणारे बाप-लेक निघाले, दोघांचीही छाती धुळीने भरलेली. ज्यांचे पत्ते सापडतात त्यांना मी पत्र लिहितो. बाकीच्या चार इस्पितळांनाही लिहिलंय की माझा नियम अर्धा आहे. उत्तर यायचंय.

तू माझ्यावर रागावली असशील तर तसं लिही. मला ते चालेल.

मामा


२८ नोव्हेंबर

तीर्थरूप मामा,

फाईलवाल्या तुमच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं होतं की मी रागावले नाही, ते खोटं होतं. मी रागावले होते. आठ दिवस. आईसाठी. मग मला आठवलं, तिची फाईल तुम्ही लावलीत तशी तिला रोज रात्री भरवायलाही तुम्हीच यायचात, आणि सूप सांडलं की स्वतःच्या शर्टावरही मुद्दाम थोडं सांडायचात. ती दुसऱ्या कुणाच्याच हातून खात नसे. मग राग गेला. हे आज लिहितेय, कारण आज तो पूर्ण गेलाय आणि तुम्ही ह्या पत्रानंतरही रात्र रात्र जागत बसाल तर मात्र नव्याने रागावीन.

तुम्हाला सात घरांकडून उत्तरं आली हे ह्यांना वाचून दाखवलं. दगड फोडणाऱ्याच्या नातवाने खाणीचं काम सोडलं, ते पत्र त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

मंगळवारी तपासणीचा निकाल आला. पारा गेल्यात जमा. तीन महिन्यांपूर्वीची तपासणीही तशीच होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, आता तुमची मर्जी.

मर्जी. मामा, मला हा शब्द घेऊन घरी येईपर्यंत रस्ता पुरला नाही. मी बेकरीत मागच्या दाराने गेले. हे भट्टीशी वाकले होते, पाठ माझ्याकडे. मी गेली पाच वर्षं त्यांना ‘बघू’ म्हणत आले, तुम्हाला ‘हौस नव्हतीच’ म्हटलं, आणि स्वतःला काय काय म्हटलं ते विचारू नका. मी म्हटलं, ‘मला मूल हवंय.’ ते वळलेच नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही, तुमच्यासारखं. म्हणून मोठ्याने म्हटलं, ‘अहो, मला मूल हवंय. मला नेहमीच हवं होतं.’

पॉलिशवाले साचा हातात धरून उभे. आमचे बेकरीवाले हळूच वळले, खाली पिठाच्या पोत्यावर बसले, आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन रडले. मी त्यांच्या शेजारी बसले. किती वेळ ते माहीत नाही. भट्टीत एकशे वीस पाव होते. सगळे करपले. बाहेर गिऱ्हाइकांची रांग होती, आणि पॉलिशवाल्यांनी दार उघडून त्यांना सांगितलं, ‘आज पाव मिळणार नाही. आज घरात चांगली बातमी आहे.’

तुमची,
खारू